उजनीच्या विस्थापितांचा इतिहास : संशोधकांसाठी अनुदान

भीमा नदीवरील उजनी धरणाचे काम साठच्या दशकात सुरू झाले, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये झाला. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर आदी तालुक्यांतील अनेक गावांना नदीकाठ सोडावा लागला. कायद्यापूर्वीच्या स्थलांतराचा मागोवा त्यामुळे भूसंपादनाचे निवाडे, जुने सातबारा उतारे आणि वृद्धांच्या आठवणी यांतूनच घ्यावा लागतो.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर उघडे पडते. दप्तरातील नोंदी प्रत्यक्ष गावठाणाशी ताडून पाहण्यास हाच काळ योग्य. मात्र प्रवास व मुक्कामाचा खर्च विद्यार्थ्यांना पेलत नाही.

या कामी नवी दिल्लीतील भारतीय इतिहास संशोधन परिषदेचे (स्थापना १९७२) अभ्यास-प्रवास अनुदान उपयोगी पडते. अभिलेखागारे व ग्रंथालयांतील साधने पाहण्यासाठी ते दिले जाते. पुण्यातील 'बार्टी' अनुसूचित जातींच्या, तर 'सारथी' मराठा-कुणबी समाजातील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. कोणते दप्तर, कोठे आणि कशासाठी पाहायचे, हे अर्जात नेमके मांडणे हिताचे. कागद दप्तरात टिकतील. गाव उठताना पाहिलेली पिढी मात्र आता थकली आहे.