लालीचे वाचन : चॉसरपासून लेसरपर्यंत

चेहऱ्यावरची लाली हे साहित्यातले फार जुने चिन्ह आहे. नायिकेच्या गालांवर ती आली की वाचक लज्जा समजतो, नायकाच्या डोळ्यांत उतरली की क्रोध समजतो आणि एखाद्या गौण पात्राच्या नाकावर ती कायमची वस्तीला आली की दारू समजतो. पहिले दोन अर्थ क्षणाचे असतात. भावना ओसरली की रक्तही ओसरते. तिसरा अर्थ मात्र माणसाला जन्मभर चिकटतो, कारण तेथे लाली ओसरतच नाही. या न ओसरणाऱ्या लालीचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. त्याचे एक टोक मध्ययुगीन इंग्रजी काव्यात आहे, तर दुसरे त्वचारोगतज्ज्ञाच्या लेसर यंत्रात. ही टोके दिसतात तितकी परस्परांपासून दूर नाहीत. दोन्हीकडे चेहऱ्याचे वाचनच चाललेले असते, आणि दोन्हीकडे त्या वाचनात काही गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या असतात, असे आमचे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. या विकाराचे वैद्यकीय नाव रोझेशिया. गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी येथे लाली येते, आग होते. त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात आणि लाल धाग्यांसारख्या दिसू लागतात. काहींना पुटकुळ्या येतात, काहींचे डोळे चुरचुरतात. काहींच्या, विशेषतः पुरुषांच्या, नाकाची त्वचा जाड व गाठाळ होते. ऊन, उष्णता, तिखट पदार्थ, मानसिक ताण यांनी लाली भडकते. मद्यानेही भडकते; परंतु मद्य हे या विकाराचे मूळ कारण नव्हे. आयुष्यात कधी थेंबही न घेतलेल्या माणसांना तो होतो. नेमकी हीच गोष्ट साहित्याने शतकानुशतके ध्यानात घेतली नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत यात्रेकरूंची जी चित्रशाळा उभी केली, तीत धर्मन्यायालयाचे समन्स बजावणारा एक कर्मचारी आहे. त्याचा चेहरा आगीसारखा लाल आणि पुळ्यांनी भरलेला; मुले त्याला पाहून भितात. पारा, मुर्दाडशिंग, गंधक, टाकणखार, सफेदा असे सारे उपाय करून झाले आहेत, पण गुण आलेला नाही. त्याला लसूण, कांदा आणि तांबडी दारू आवडते, हेही कवी लागलीच सांगतो. तो लाचखाऊ आहे, लंपट आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सारे जणू उमटलेले आहे. हा रोग कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी त्यात कुष्ठाचा प्रकार पाहतात, कोणी रोझेशिया. निदान काहीही असो, काव्यातील युक्ती स्पष्ट आहे : त्वचा हे चारित्र्याचे पान मानले आहे. औषधांची ती यादीदेखील निव्वळ तपशील नाही. पाऱ्यानेही जे जात नाही ते पापच असले पाहिजे, असे ती सुचवते.

दोनशे वर्षांनी शेक्सपिअरने हीच लाली विनोदासाठी वापरली. 'चौथा हेन्री'तील बार्डॉल्फचे नाक इतके लाल आहे, की रात्री मद्यालयांतून हिंडताना त्याच्यामुळे आपला मशालींचा खर्च वाचतो, असे फॉल्स्टाफ म्हणतो. वाचकही हसतो. परंतु 'पाचवा हेन्री'मध्ये याच बार्डॉल्फला चर्चमधील चोरीबद्दल फाशी होते, आणि ज्याच्या संगतीत त्याने तारुण्यातल्या रात्री घालवल्या तो राजा त्या शिक्षेला संमती देतो. त्याच्या शेवटाची वार्ता येते तेव्हाही बोलणारा त्याच्या नाकाचेच वर्णन करतो. मरतानादेखील या माणसाला चेहऱ्यापलीकडे काही मिळत नाही. नाटककाराची ही क्रूरता अजाणतेपणी घडली असे आम्हांस वाटत नाही. पण विनोदाच्या ओघात ती सहज नजरेआड होते, हे खरे.

याच काळाच्या मध्ये इटलीत एक वेगळे वाचन घडून गेले होते. दोमेनिको घिर्लांदायो याने १४९०च्या सुमारास काढलेले 'म्हातारा आणि त्याचा नातू' हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. म्हाताऱ्याचे नाक गाठींनी विद्रूप झालेले आहे, आणि चित्रकाराने त्यातली एकही गाठ लपवलेली नाही. नातू आजोबांच्या छातीवर हात ठेवून वर पाहतो आहे. त्या नजरेत भीती नाही, किळस नाही आणि कीवही नाही. चॉसरच्या काव्यातील मुले ज्या चेहऱ्याला भितात, तसाच चेहरा हे मूल निरखते आहे. एकच विकार, दोन कृती. फरक पडतो तो चेहऱ्याकडे कोण आणि कोठून पाहतो याने.

एकोणिसाव्या शतकात या वाचनाला शास्त्राची भाषा मिळाली. थॉमस बर्जेस या इंग्रज डॉक्टरने १८३९ साली लज्जेने लाल होण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आत्म्याची नैतिक स्थिती गालांवर प्रकट व्हावी म्हणून ईश्वरानेच ही योजना केली, असे त्याचे प्रतिपादन होते. या सिद्धान्ताचा एक धोकादायक उपसिद्धान्त निघतो : ज्यांच्या त्वचेवर लाली दिसत नाही, त्यांना लज्जाच नाही! हा उपहास युरोपीयांच्या तोंडी खरोखरच होता. डार्विनने १८७२ साली मानव व प्राणी यांच्या भावाविष्कारांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने जगभरच्या परिचितांना पत्रे धाडून सावळ्या व काळ्या लोकांविषयी माहिती गोळा केली. लज्जेने लाल होणे बहुधा सर्वच मानववंशांत आहे, मग त्वचेच्या रंगामुळे ते दिसो वा न दिसो, असा त्याचा निष्कर्ष होता. रक्त सर्वांचेच धावते. ते पाहता येणे ही पाहणाऱ्याची अडचण आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण शंभर वर्षांनंतर तोच प्रश्न यंत्रासमोर उभा राहणार होता.

आता उपचारांकडे वळू. बारीक पात्याने वाहिन्यांवर छेद देणे, तप्त सुईने त्या जाळणे असे उपाय पूर्वी चालत; त्यांत व्रण राहण्याची भीती होती. प्रकाशाने त्वचारोग बरा करता येतो हे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने चेहऱ्याच्या क्षयरोगावर दाखवले आणि त्यासाठी त्याला १९०३चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तो प्रकाश अनेक रंगांचा मिळून बनलेला होता. एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा प्रखर प्रकाश आइन्स्टाइनच्या १९१७च्या निबंधात बीजरूपाने होता, आणि प्रत्यक्षात तो १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मायमनने माणकाच्या स्फटिकातून मिळवला.

लागलीच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी हा प्रकाश त्वचेवर पाडून पाहिला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत एक लक्षणीय गोष्ट होती : माणकाचा लाल प्रकाश रंगद्रव्य असलेले भाग निवडून जाळत होता. पुढे निळा-हिरवा आर्गॉन लेसर आला. रक्त तो चांगला शोषून घेते, म्हणून १९७०च्या दशकात तो लाल डागांवर वापरला गेला. पण त्याचा झोत अखंड असल्यामुळे उष्णता वाहिनीबाहेर पसरे आणि व्रण राहत.

यातून वाट काढली ती बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी. १९८३ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी मांडलेले तत्त्व सोपे होते. हिमोग्लोबिन काही विशिष्ट तरंगलांबींचा प्रकाश अधिक शोषते. त्यांतली एक ५७७ नॅनोमीटरच्या आसपास, पिवळ्या रंगाची आहे. दुसरे असे की तापलेल्या वाहिनीला थंड व्हायला काही काळ लागतो. वाहिनी जितकी बारीक, तितका तो काळ थोडा. त्या काळाहून कमी अवधीत प्रकाशाचा ठोका दिला, तर उष्णता शेजारच्या पेशींपर्यंत पोचण्याआधीच काम संपते. वाहिनी आतून जळते, वरची त्वचा वाचते. या तत्त्वावर स्पंदित डाय लेसर तयार झाला. प्रकाश अधिक खोल जावा म्हणून त्याची तरंगलांबी पुढे ५८५ आणि नंतर ५९५ नॅनोमीटर करण्यात आली.

हे यंत्र मुळात प्रौढांच्या गालांसाठी नव्हते, तर लाल जन्मखुणा असलेल्या मुलांसाठी होते. या जन्मखुणेला इंग्रजीत पोर्ट मद्याचे नाव आहे. म्हणजे नवजात बालकाच्या गालावरही भाषेने दारूच सांडली! १९८९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मुलांवरील उपचारांचा अहवाल आला आणि हा लेसर मान्यता पावला. चेहऱ्यावरच्या रुंदावलेल्या वाहिन्या आणि रोझेशियाची लाली यांसाठी तो त्यानंतर सर्रास वापरला जाऊ लागला. जोडीला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर आणि लेसर नसलेला, पण तीव्र प्रकाशाचे ठोके देणारा दिवाही आला. सुरुवातीच्या यंत्रांनी आठवडा-दोन आठवडे जांभळे डाग राहत. पुढे ठोक्याचा अवधी वाढवल्यावर आणि त्वचा थंड करण्याची सोय झाल्यावर ते कमी झाले. तरी हा रोगमुक्तीचा उपाय नव्हे. अनेक बैठका लागतात, दिसणाऱ्या वाहिन्या जातात, लाली उतरते. पण विकाराची प्रवृत्ती राहते आणि काही काळाने नव्या वाहिन्या दिसू शकतात.

तरीही या घटनेचे सांस्कृतिक महत्त्व आम्हांला मोठे वाटते. पाचशेहून अधिक वर्षे लालीचा अर्थ लावला जात होता. या प्रकाशाने तो लावण्याचे नाकारले. त्याला लज्जा कळत नाही, दारू कळत नाही, पाप कळत नाही. त्याला फक्त हिमोग्लोबिन कळते. बार्डॉल्फ आणि दारूला कधीही न शिवलेली एखादी गृहिणी त्याच्यापुढे सारखीच.

मात्र ही समता अपुरी आहे. पिवळा आणि हिरवा प्रकाश हिमोग्लोबिनप्रमाणेच मेलॅनिनही शोषून घेते, आणि मेलॅनिन वाहिनीच्या वर, त्वचेच्या वरच्या थरात असते. गोऱ्या त्वचेतून जो प्रकाश वाहिनीपर्यंत पोचतो, तो सावळ्या त्वचेत वाटेतच अडतो. फोड येतात, काळे वा पांढरे डाग राहतात. म्हणून सावळ्या त्वचेवर शक्ती कमी ठेवावी लागते, वरचा थर जपून थंड करावा लागतो, कधी १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य लेसर निवडावा लागतो, आणि त्याचेही स्वतःचे धोके आहेत. त्वचेच्या प्रकारांची जी श्रेणी जगभर वापरतात, ती टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली गोऱ्या त्वचेसाठी आखली. तपकिरी आणि काळी त्वचा तीत मागाहून जोडली गेली. पाठ्यपुस्तकांतील लालीची वर्णने आणि छायाचित्रे दीर्घकाळ प्रामुख्याने गोऱ्या चेहऱ्यांची होती. परिणामी सावळ्या रुग्णाचा रोझेशिया ओळखलाच जात नाही. त्याची लाली तपकिरी झाकेत दडते, आणि आग होते ही त्याची तक्रार वेगळ्याच सदरात जाते. डार्विनने ज्याचा निरास केला, तो दोष निदानाच्या खोलीत वेगळ्या रूपाने परतला.

या ठिकाणी आम्हां मराठी वाचकांना आपल्या भाषेकडे पाहणे भाग आहे. आपण रागाने लालबुंद होतो हे खरे, पण आपले चेहरे काळवंडतात, उतरतात, गोरेमोरे होतात. बदनामी झाली की तोंडाला काळे लागते. सावळ्या चेहऱ्याचे पालट टिपणारे शब्द या भाषेने जपले आहेत. आणि तरीही कथा-कादंबरीतील नायिका लाजली की तिचे गाल आरक्तच होतात. ती गोरी असणार हे लेखकाने आणि आपणही निमूटपणे गृहीत धरलेले असते. सावळी मुलगी लाजते तेव्हा काय दिसते, हे लिहिण्याचे कष्ट आपल्या गद्याने क्वचितच घेतले आहेत.

म्हणून वर्गात 'कँटरबरी टेल्स'ची प्रस्तावना शिकवताना समन्सवाल्याच्या चेहऱ्यापाशी थोडे थांबावे, अशी आमची सूचना आहे. त्याची लबाडी त्याच्या कृत्यांतून सिद्ध होते. चेहऱ्याची साक्ष तेथे अनावश्यक आहे आणि खोटीही. ही साक्ष बाजूला ठेवूनही ते पात्र उभे राहते का, हे विद्यार्थ्यांना तपासू द्यावे. आमच्या मते ते राहते, आणि चॉसर लहान न होता मोठाच होतो.