वरचा भाव, खालचा भाव

एप्रिल 1992 मधल्या एका पेपरचं पिवळं पडलेलं पान तुमच्या हातात आहे. एसीसी या सिमेंट कंपनीच्या ओळीवर बोट ठेवता: उघडला, वरचा, खालचा, बंद. चार आकडे. एवढ्या शिदोरीवर तुम्ही त्या दिवशीच्या दलाल स्ट्रीटवर उतरता.

मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात पाय ठेवायला जागा नाही. घामाने चिकटलेले शर्ट, ताणलेले आवाज, प्रत्येकाच्या हातात सौद्याचं पॅड. समोरच्या जॉबरला, म्हणजे घ्यायचा-द्यायचा दोन्ही भाव देणाऱ्याला, फक्त ‘एसीसी?’ एवढंच विचारायचं. घ्यायचाय की विकायचाय, हे ओठांवर आणायचं नाही. तो एका दमात दोन भाव फेकतो: एवढ्याला घेईन, एवढ्याला देईन. जमलं तर ‘लीधा’ (घेतले) किंवा ‘दीधा’ (दिले), आणि दोघंही आपापल्या पॅडवर खरडतात. तुम्ही गप्प राहिलात तर ते दोन्ही भाव तिथेच विरतात. पाच पावलांवरचा दुसरा जॉबर त्याच क्षणी वेगळंच काही ओरडतोय. वर्ष-दीड वर्षापूर्वी दोनशेच्या आसपास रेंगाळणारा हा शेअर आता हजारांत खेळतो; दहा-वीस रुपयांच्या फरकासाठी घासाघीस करायला कुणाला फुरसत आहे?

न झालेल्या सौद्यांचं हे सगळं ओरडणं पानावर कुठेच नाही.

आता रिंगणातून निघा आणि ठाण्याच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसा. सकाळीच तुम्ही दलालाला फोन केलात: पाच शेअर घ्या. काही दिवसांनी बिल येतं. भाव त्या दिवसाच्या वरच्या आकड्याला टेकलेला. तुम्ही जपून ठेवलेला पेपर काढता. बिलातला भाव वरच्या-खालच्याच्या मध्येच बसतो, तेव्हा खोटा म्हणायची सोय नाही. पण घेतले किती वाजता? बिलावर वेळ नाही, पेपरात तर नाहीच. दलालाने बाजार उघडताच स्वस्तात उचलून तुम्हाला नंतरचा चढा भाव लावला असेल, तर मधला गाळा त्याच्या खिशात. (हर्षद मेहतांच्या घोटाळ्यातले कोट्यवधी आपल्याला तोंडपाठ आहेत, मला ही रोजची चिल्लर जास्त बोचते.) भांडायला जावं, तर पुरावा म्हणून हातात तेच चार आकडे.

तीन वर्षं पुढे सरका. नोव्हेंबर 1994 मध्ये एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) पडद्यावरून शेअरचे सौदे सुरू झालेत. 14 मार्च 1995 ला मुंबई शेअर बाजारातही ‘बोल्ट’ ही संगणकावरची सौदा यंत्रणा येते आणि रिंगण हळूहळू ओस पडतं. घ्यायचा भाव, द्यायचा भाव, किती शेअर, सगळं पडद्यावर. आता सौद्याला नंबर आहे, तास-मिनिट-सेकंद आहे. ज्या ऑर्डरीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तीही संगणकात नोंदली जाते.

दलालाच्या ऑफिसात फोन वाजतो. ठाण्याचं गिऱ्हाईक भाव विचारतं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतं, ‘किती वाजता घेतले?’