तिसऱ्या घंटेनंतरचा उजेड
१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते तेलाच्या उजेडात. पुढे अडतीस वर्षांनी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात सुमारे बाराशे विजेचे दिवे लागले. पण वातीपासून हॅलोजनपर्यंत एक गोष्ट टिकली: उजेड तापलेल्या वस्तूचाच. म्हणून तिसऱ्या घंटेनंतर हॅलोजनची तार निवत तांबूस होते आणि प्रेक्षागृह सांजावते. एलईडीत तार नाही. साधा एलईडी त्याच रंगात मंदावतो. डिमर जुनाच ठेवला तर लुकलुकून एकदम विझतो. वीज वाचते, छतापर्यंत चढून दिवे बदलण्याची कटकटही कमी होते, हे खरेच. पण आपल्याकडे नूतनीकरणात खुर्च्यांची चर्चा फार, या सांजावण्याची नाही. तांबूस होत मावळणारे एलईडी मिळतात, रसिकहो! निविदेत तेवढी एक ओळ घालावी लागते.