केसतूड : एका लहानशा फोडाचा इतिहास

केसाच्या मुळाशी होणाऱ्या दुखऱ्या फोडाला मराठीत केसतूड म्हणतात. केस तुटला, उपटला गेला की तेथे फोड येतो, हे निरीक्षण या शब्दातच साठवलेले आहे. मानेवर झालेले केसतूड आपण सहज कोणालाही दाखवतो. तेच जांघेत झाले की मुलेमुली, आणि मोठी माणसेही, गप्प बसतात. या संकोचामुळे चुकीची मलमे लावली जातात आणि साधा आजार चिघळतो. म्हणून या फोडाचे कारण कसे सापडले आणि त्यातून उपचाराची कोणती दिशा मिळाली, हे आपण पाहू.

आपल्या त्वचेत प्रत्येक केस एका अरुंद पिशवीत उगवतो. तिला रोमपुटक म्हणतात. तिचे तोंड त्वचेच्या पृष्ठभागावर उघडते. म्हणजे त्वचा वरून अखंड दिसली तरी तिच्यावर अशी लाखो लहान दारे असतात. या दारांतून काही आत शिरत असेल, असे मात्र फार काळ कोणाला वाटले नव्हते. फोडाचे मूळ शरीराच्या आत, बिघडलेल्या रक्तात आहे, असे युरोपातील अनेक वैद्य मानत. आपल्याकडेही 'अंगात उष्णता झाली' हे कारण आजही ऐकू येते.

१८८० साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी केसतुडातील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना गोल आकाराचे सूक्ष्मजीव दिसले आणि ते त्यांनी वेगळे वाढवलेही. याच सुमारास स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे अलेक्झांडर ऑगस्टन हे शल्यचिकित्सक गळवांतील पू तपासत होते. ठणकणाऱ्या, लाल गळवांत त्यांना असेच गोल जिवाणू आढळले. क्षयामुळे होणाऱ्या 'थंड' गळवांत ते आढळले नाहीत. असा पू प्राण्यांना टोचला की गळू होई. तो आधी तापवला किंवा त्यात कार्बॉलिक आम्ल मिसळले की गळू होत नसे. काही जिवाणू द्राक्षांच्या घडासारखे दिसत. द्राक्षांच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ऑगस्टन यांनी १८८२ साली त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. १८८४ साली जर्मनीतील रोझेनबाख यांनी त्यांतील सोनेरी वसाहती करणारा प्रकार वेगळा ओळखला. तोच स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

तरीही एक प्रश्न उरला होता. जिवाणू फोडात सापडतात हे खरे, पण माणसाच्या धडधाकट त्वचेतून ते आत जातात कसे? १८८५ साली कार्ल गारे या स्विस शल्यचिकित्सकाने याचे उत्तर स्वतःच्या हातावर शोधले. शुद्ध स्वरूपात वाढवलेले हे जिवाणू त्याने आपल्या हाताच्या अखंड त्वचेवर चोळले. काही दिवसांतच तेथे एक मोठे गळू आणि त्याभोवती अनेक केसतुडे उठली. कोठेही कापले नव्हते, टोचले नव्हते. जिवाणू चोळण्याने रोमपुटकांच्या तोंडांतून आत ढकलले गेले होते. बिघडलेल्या रक्ताची गरजच उरली नाही. आज असा प्रयोग स्वतःवर कोणीही करू नये. गारे यांनी पत्करलेला धोका लहान नव्हता.

आता जांघेकडे वळू. येथे केस आहेत, घाम साचतो, आणि चालताना त्वचा व कपडा एकमेकांवर घासतात. घट्ट कपडे आणि वस्तऱ्याने केस काढणे यांमुळे पुटकांची तोंडे दुखावतात. गारे यांनी हाताने जे केले, तेच येथे घर्षण करते. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात हा जिवाणू सहज राहत असतो. तेथून बोटांमार्फत तो कोठेही पोहोचतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पुटकाचा दाह असेल तर लहान लाल किंवा पिवळ्या टोकाच्या पुळ्या येतात आणि बहुधा प्रत्येकीच्या मध्यभागी केस दिसतो. नायट्यात कडा उठावदार, पसरत जाणारी असते व मधला भाग निवळतो. तो बुरशीमुळे होतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने लाली दबते, पण संसर्ग आतून वाढतो.

सौम्य दाह बहुधा काही दिवसांत आपोआप बरा होतो. जागा साबणाने हळुवार धुवावी, कोरडी ठेवावी. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीनचार वेळा शेकावे. सैल सुती कपडे घालावेत, काही दिवस वस्तरा लावू नये, टॉवेल व वस्तरा कोणाबरोबरही वाटून घेऊ नये. फोड पिळू नये. पिळल्याने जिवाणू अधिक खोल जातात.

प्रतिजैविक प्रत्येक पुळीला लागत नाही. पेनिसिलीन १९४० च्या दशकात वापरात आले आणि त्या दशकाच्या अखेरीसच रुग्णालयांत त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सर्रास आढळू लागले. १९५९ साली मेथिसिलीन निघाले. १९६१ साली त्यालाही दाद न देणाऱ्या जिवाणूंची नोंद ब्रिटनमध्ये झाली. म्हणून ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, सांगितले तितके दिवस घ्यावीत.

ताप आला, लाली पसरू लागली, गाठ मोठी व फार दुखरी झाली किंवा व्रण पडला तर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. केसतुडे वारंवार होत असतील तर रक्तातील साखरही तपासून घ्यावी. जांघेत व काखेत त्याच त्या जागी गाठी येऊन पू वाहत असेल, तर तो रोमपुटकाचाच एक वेगळा, दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. १८५४ साली फ्रान्समधील व्हर्न्यूय यांनी तो घामाच्या ग्रंथींचा आजार मानला होता. पुटकाचे तोंड बुजणे ही त्याची सुरुवात असल्याचे आता मानले जाते.

त्वचेचा पाठ शिकवताना गारे यांचा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. आपल्या जांघेतला फोड ही लाजेची किंवा अंगातल्या उष्णतेची बाब नसून एका अरुंद दारातून आत शिरलेल्या जिवाणूची आहे, एवढे कळले तरी एखादा विद्यार्थी वेळेवर घरी किंवा डॉक्टरांना सांगेल.