एक जूनचा वाढदिवस आणि शाळेची वही

१/ मिरजेतल्या एखाद्या घरी आजी-आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागून पाहा. जन्मतारीख १ जून असेल, तर नवल मानू नका. महाराष्ट्रभर हीच तारीख असंख्य दाखल्यांवर आढळते. तिचे मूळ शाळेच्या वहीत आहे.

२/ त्या काळी अनेक घरांत जन्माची नोंद होतच नसे. ‘महापुराच्या साली झाला’, ‘आखाडातला जन्म’ एवढेच पालक सांगत. शाळा जूनमध्ये सुरू होई. मग गुरुजी अंदाजाने वय ठरवीत आणि प्रवेशाच्या वयात बसेल अशी तारीख लिहीत.

३/ हा अंदाज जनरल रजिस्टरमध्ये उतरला की पुरावा होई. नोकरी, बढती, निवृत्ती सारे त्यावरच ठरे.

४/ मिरजेचे पटवर्धन संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. शासन बदलले, जिल्हा बदलला. मुलाची नोंद मात्र होती तशीच राहिली.

५/ नोंदीचा उपयोग पुढे कशासाठी होईल, हे लिहिणाऱ्याला कळत नसते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरेही पुरावा म्हणून उघडली गेली.

६/ कागदी वही निर्दोष होती असे नव्हे. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत अनेक शाळांच्या पटावर खोटी नावे सापडली. २०१५ मध्ये ‘सरल’ ही संगणकीय नोंदप्रणाली आली, तिच्यामागे हेही एक कारण होते.

७/ पुढे आधार जोडले गेले. देवनागरीत एकच असलेले नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिता येते. अक्षर जुळले नाही की पडताळणी अडते. अलीकडे शिक्षकांची पदेही आधार-पडताळणी झालेल्या पटावर ठरू लागली. वर्गात बसलेले मूल मोजणीत मात्र गैरहजर!

८/ पूर्वी चूक एका कपाटात असे आणि ती कुणी लिहिली हे गावाला माहीत असे. आज ती एकाच वेळी अनेक कार्यालयांत पोहोचते. दुरुस्त करणारा हात मात्र दूर असतो.

९/ कायद्याने हा धोका ओळखला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला.

१०/ म्हणून नवा अर्ज भरताना तीन गोष्टी विचारा : ही माहिती कोण ठेवणार, कशासाठी वापरणार, आणि चुकली तर कोण दुरुस्त करणार? आपल्या आजोबांना हे विचारण्याची संधी मिळाली नव्हती. त्यांचा वाढदिवस आजही १ जूनलाच येतो.