भाऊंचा तोतया आणि चेहरा ओळखणारा लॅपटॉप

मंडळी, आजचा विषय आहे चेहरा पाहून उघडणारा संगणक. पण पनवेलकरांपुढे बोलतोय, तर सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करतो.

पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. त्याला कैदेत ठेवलं, तर 1776 मध्ये तो रत्नागिरीतून सुटला, कोकणातले किल्ले घेत आला, आणि शेवटी इथे अलिबागेत, आंग्र्यांच्या कुलाब्याला पकडला गेला. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ याच प्रकरणावरचं. आता त्याच्यामागे गेलेले सगळेच काही मूर्ख नव्हते. पंधरा वर्षं न पाहिलेला चेहरा छातीठोकपणे कोण ओळखणार? ताडून पाहायला होत्या त्या फक्त आठवणी, आणि आठवणीत इच्छा मिसळलेली असते.

संगणकवाले सुरुवातीला या भानगडीत पडलेच नाहीत. 1960 च्या दशकात एमआयटीमध्ये एकच यंत्र अनेकजण वापरू लागले, तेव्हा फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने प्रत्येकाला पासवर्ड दिला. खुणेचा शब्द सांगा, आत या. तुम्ही दिसता कसे, याच्याशी देणंघेणं नाही.

साधारण 2008 च्या सुमारास लेनोवो, असूस, तोशिबा यांच्या काही लॅपटॉपांत चेहऱ्याने लॉग-इन आलं. पुढच्याच वर्षी हनोईच्या संशोधकांनी वॉशिंग्टनच्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं, की मालकाचा फोटो पुढे धरला तरी कुलूप उघडतं! साध्या कॅमेऱ्याला माणूस काय आणि माणसाचं चित्र काय, दोन्ही सपाटच. आपल्या तोतयाला निदान स्वतः हजर राहावं लागलं होतं.

मग 2015 मध्ये विंडोज 10 सोबत ‘हॅलो’ आलं. त्याला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. त्या प्रकाशात मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो दिसतच नाही, साधा छापील फोटोही जिवंत चेहऱ्यासारखा दिसत नाही. शिवाय यंत्रात तुमचा फोटो नव्हे, तर चेहऱ्याची मापं आकड्यांत राहतात, आणि तीही त्याच यंत्रात. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलणार?

तरी 2021 मध्ये सायबरआर्कच्या संशोधकांनी वाट काढलीच. त्यांनी चेहऱ्याचं सोंग घेतलं नाही, कॅमेऱ्याचं घेतलं. ‘मी कॅमेरा आहे’ असं सांगणारं एक यूएसबी उपकरण जोडलं आणि त्यातून मालकाची इन्फ्रारेड प्रतिमा आत सोडली. संगणकाने चेहरा नीट तपासला. तो दाखवणारा कोण, हे विचारलं नाही. साक्ष ठीक, साक्षीदार बनावट! मायक्रोसॉफ्टने मग ते छिद्र बुजवलं.

आजही ‘हॅलो’ लावताना संगणक आधी पिन ठरवायला लावतो. चेहरा जुळला नाही, अंधार असला, तर तो पिनच कामाला येतो. म्हणजे शेवटी खुणेचा शब्द आहेच. तो चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवणारे या सभागृहातही असतील. हात वर करू नका.