नऊ स्पर्धांचे स्वराज्य



मराठीच्या प्राध्यापकाने टेनिसविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु इतिहास केवळ राजवाड्यांत व रणांगणांवर घडत नाही. १९८८ साली तो न्यूयॉर्क येथे, अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या मैदानाबाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत घडला. 'एटीपी' या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख हॅमिल्टन जॉर्डन यांना आत जागा मिळाली नाही. तेव्हा त्यांनी बाहेरच वार्ताहरांना बोलावून खेळाडूंची गाऱ्हाणी मांडली आणि स्वतंत्र स्पर्धामालिकेचा मार्ग सूचित केला.

ही ठिणगी अकस्मात पडली नव्हती. एटीपीची स्थापना १९७२ ची. पुढच्याच वर्षी निकोला पिलिच यांच्यावरील बंदीच्या निषेधार्थ सुमारे ऐंशी खेळाडूंनी विंबल्डनवर बहिष्कार घातला होता. तरीही खेळाचा कारभार पाहणाऱ्या मंडळात खेळाडू अल्पमतातच राहिले.

१९९० पासून नवी व्यवस्था आली. तीत खेळाडू व स्पर्धाचालक समान वाटेकरी झाले. चार ग्रँड स्लॅम स्पर्धा मात्र तिच्या कक्षेबाहेर होत्या. म्हणून एटीपीने आपल्या नऊ स्पर्धांना त्यांच्या खालोखाल मानाचे स्थान दिले. त्यांचे नाव पुढे 'सुपर नाइन', मग 'मास्टर्स सीरिज' आणि २००९ पासून 'मास्टर्स १०००' असे झाले. ग्रँड स्लॅम विजेत्यास २००० गुण, येथील विजेत्यास १०००.

हा मान कोणाच्या हाती होता? हॅम्बुर्गची स्पर्धा १८९२ पासूनची. २००९ मध्ये तिला खालच्या पायरीवर उतरवून शांघायला वर घेण्यात आले. जर्मन संघटनेने अमेरिकेतील न्यायालयात दाद मागितली, पण २००८ साली निकाल एटीपीच्या बाजूने लागला. शतकाहून अधिक परंपरा कामी आली नाही. आपल्याही जवळचे उदाहरण आहे. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून होणारी महाराष्ट्र खुली स्पर्धा २५० गुणांच्या पायरीवरची. २०२४ च्या वेळापत्रकात तिच्या जागी हाँगकाँग आले.

परंतु खरा पेच खेळाडूंचाच आहे. अव्वल खेळाडूंना या नऊपैकी आठ स्पर्धा बंधनकारक झाल्या; केवळ माँटे कार्लोला सूट मिळाली. एका आठवड्याच्या स्पर्धाही लांबत गेल्या. २०२५ पर्यंत नऊपैकी सात स्पर्धा सुमारे बारा दिवसांच्या झाल्या. या नऊही स्पर्धा जिंकणारे पहिले पुरुष एकेरी खेळाडू नोव्हाक जोकोविच. त्यांनीच २०२० साली वासेक पॉस्पिसिल यांच्यासह खेळाडूंची निराळी संघटना उभी केली. तिने मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एटीपीविरुद्धच दावा दाखल केला. ज्या शहरात एक संघटना फिर्यादी म्हणून उभी राहिली, तेथेच सदतीस वर्षांनी ती प्रतिवादी झाली.

यात एटीपीची केवळ निंदा करावी, असे मला वाटत नाही. तिच्यामुळे खेळाडूंना कारभारात निम्मा वाटा मिळाला, हे विसरता येणार नाही. मात्र स्वराज्य मिळवणारी पिढी आणि त्याचे नियम सोसणारी पिढी एक नसते. म्हणूनच, मित्रहो, आपापल्या संस्था चालवताना बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावून त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची रीत सोडू नका, एवढीच या स्मृतिदिनी माझी विनंती आहे.